सुबाभळीची उंची

मी गेले होते लिंबाच्या रोपासाठी. हे आधीच सांगून ठेवते, कारण माझा हेतू शुद्ध होता हे कुणाच्या तरी लक्षात राहायला हवं.

जून महिन्यात आमच्या बेटावरच्या इनालाहान गावात मेयरच्या कचेरीसमोर तंबू ठोकून रोपं वाटतात. दोन रांगा होत्या, एक लांब, एक आखूड. पोस्टाच्या खिडकीमागे बसून दिवसभर दुसऱ्यांच्या रांगा बघणाऱ्या बाईला स्वतःला रांगेत उभं राहवत नाही, म्हणून मी आखूड रांगेत शिरले. माझा नंबर आला आणि समोरच्या उंच, सावळ्या माणसानं दोन्ही हातांनी एक कुंडी माझ्या हातात ठेवली. इतकी जपून, की मला वाटलं आतलं काहीतरी सांडेल.

मी बघितलं. बारीक बारीक पानं, पिसासारखी दोन्ही बाजूंनी लागलेली.

"सुबाभूळ?" मी म्हटलं. "फुकट वाटताय होय? आमच्या मागच्या टेकडीवर पाचेक हजार आहेत. तुम्हीच घेऊन जा की."

मागची रांग हसली. तो हसला नाही. त्याचे कान मात्र लाल झाले.

"ही सुबाभूळ नाही," तो म्हणाला. "आणि... जरा हळू बोला."

"का? तिला ऐकू जातं?"

"मला जातं."

शब्दाच्या शेवटी असा काही हेल काढला त्यानं, की मला राहवेना. "शेजारच्या लुता बेटाचे का तुम्ही?"

"बोलण्यावरून ओळखलंत?"

"बोललात कुठे? गायलात."

तेव्हा तो हसला. एका गालाला खळी पडली. एकाच. दुसऱ्या गालाला का नाही, या प्रश्नावर मी पुढे चार महिने घालवले.

त्याचं नाव गोयो. वनखात्याच्या रोपवाटिकेत कामाला. कुंडीतलं रोप होतं हायुन लागु. हे नाव मी आजीच्या तोंडून ऐकलं होतं, झाड कधी पाहिलं नव्हतं. पाहणार कुठून? लुतावर अजून थोडी आहेत, पण आमच्या अख्ख्या बेटावर मोठं झाड एकच उरलंय, उत्तरेच्या जंगलात, तारेच्या कुंपणामागे. पूर्वी म्हणे एकेका झाडाखाली लग्नाची पंगत बसायची. त्या एका म्हाताऱ्या झाडाच्या बियांपासून गोयोनं सात रोपं वाढवली होती, आणि जंगलात न लावता सात घरांच्या अंगणांत लावायचं त्याच्या मनात होतं. जंगलात हरणं आणि डुकरं खातात. अंगणात माणसांची नजर असते.

हे सगळं सांगताना तो एक फॉर्म भरत होता. अंगण केवढं, पाणी कुठे, दिवसा घरी कोण असतं.

"लग्न झालंय?" त्यानं विचारलं.

"हे झाडाला हवंय की तुम्हाला?"

"फॉर्मवर... कुटुंबात किती माणसं असं आहे," तो म्हणाला आणि पुन्हा कान लाल झाले. मी तीन सांगितली. आई, वडील आणि मी.

वडिलांचं नाव सांगताना मात्र माझी जीभ जरा अडखळली. कारण आमच्या अंगणात झाड लावायचं म्हणजे तुन बेस्तेच्या तावडीत देणं. माझा बाप; 'तुन' हे गाव मानानं म्हणतं. एकोणीस वर्षांपूर्वीच्या वादळात आमचा मोठा नीरफणस मुळासकट उलथला आणि स्वयंपाकघरावर पडला. आत आई होती. ती वाचली, पण तिचा कंबरेचा सांधा कायमचा गेला. तेव्हापासून बाबांनी अंगणात गवताशिवाय काही उगवू दिलं नाही. दर शनिवारी गवत कापायचं यंत्र घेऊन ते निघत, आणि समोर येईल ते आडवं करत. आमचं घर काँक्रीटचं, दुपारी भट्टी होतं. आई खिडकीशी बसून रिकाम्या, उन्हानं पांढऱ्या पडलेल्या अंगणाकडे बघत बसायची.

पण लिंबाऐवजी मी काय आणलंय हे बघून तिनं कुंडी मांडीवर घेतली. "बेस्ते," ती म्हणाली, "हे लागणार." बस्स, एवढंच. बाबा म्हणाले, घरापासून लांब, खालच्या बांधाशी, आणि एक वर्ष. वर्षानं मी बघीन.

लावायला गोयो स्वतः आला. आमच्याकडे वडीलधाऱ्यांना भेटलं की त्यांचा हात धरून वाकायचं आणि तो हात नाकाशी न्यायचा. हात पुढे आला म्हणजे तुम्ही घरातले. गोयो आईपुढे वाकला, तिनं हात दिला. बाबांपुढे वाकला, तर बाबांचे दोन्ही हात यंत्राच्या दांड्यावरच.

"हात खराब आहेत," बाबा म्हणाले. स्वच्छ होते. मी बघितले.

गोयो खड्ड्याच्या जागेपाशी गेला, कुदळ खाली ठेवली आणि जमिनीकडे बघून मोठ्यानं म्हणाला, "आजोबा, आजी, तुमच्या जागेत हात घालतोय. घालू द्या. तुम्ही आमच्याकडे याल तेव्हा हवं ते घ्या." खणण्याआधी पूर्वजांना विचारायचं असतं, ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण आजकालची मुलं ते तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. बाबांनी यंत्र बंद केलं आणि ऐकून घेतलं. मग पुन्हा चालू केलं.

त्यानंतर दर शुक्रवारी चार वाजता गोयोची पिकअप गाडी येऊ लागली. वही, मोजपट्टी आणि गाता आवाज. रोपाभोवती त्यानं तारेची जाळी उभी केली. पिवळी फुलपाखरं पानांवर अंडी घालतात, त्यांच्या अळ्या दोन दिवसांत रोप साफ करतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ एकेक पान उलटून अळ्या वेचायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या आठवड्यात मी किंचाळत वेचल्या. ऑगस्टपर्यंत गुणगुणत.

अहो-जाहो कधी गळून पडलं ते आठवत नाही. बहुतेक पाऊस आडवा आला होता त्या शुक्रवारी, एकाच छत्रीत उभं राहून आम्ही उंची मोजली तेव्हा. मोजपट्टी त्यानं धरली होती, वाचायचं मी. मी आकडा सांगितला. तो लिहीना.

"लिही की."

"छत्री धरलीय."

"मी धरते. लिही."

"नको," तो म्हणाला. "राहू दे. लक्षात राहील."

सप्टेंबरात त्यानं खरी गोष्ट सांगितली. बांधावर बसला होता, आईनं दिलेल्या लाल भाताची ताटली हातात, आणि खाण्यात लक्ष नाही. सातापैकी चार रोपं मेली होती. दोन अंगणात घुसून हरणांनी खाल्ली, एक डुकरानं उकरलं, एकावर पाहुण्यांची गाडी मागे आली. रोपवाटिकेच्या प्रमुख बाईंचा या अंगणांवर पहिल्यापासून विश्वास नव्हता. डिसेंबरात मोजणी. निदान तीन जिवंत असली तर काम पुढे चालू, गोयोची नोकरीही चालू. दोन निघाली तर उरलेली रोपं कुंपणाच्या आत, आणि गोयो परत लुताला.

"किती राहिलीत?" मी विचारलं.

"तुझं धरून तीन."

त्या दिवसापासून मी डोळ्यांत तेल घालून त्या झाडाकडे बघू लागले. रात्री पाऊस लागला तरी कान तिकडेच.

ऑक्टोबरातला एक शुक्रवार. माझ्या बोटावर अळी चढली होती आणि मी ती निवांत न्याहाळत होते. गोयो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "फिना, तुला अळीची भीती वाटत नाही, बापाची वाटत नाही. वाटते तरी कशाची?"

मी म्हटलं, "चल, उशीर होतोय तुला." तो गेला. आणि उत्तर मला सोमवारी सापडलं, पोस्टाच्या खिडकीत, एका म्हातारीचं पार्सल तोलताना. *शनिवारची. शनिवारची भीती वाटते मला, कारण तू शुक्रवारी जातोस.*

आता फक्त हे शुक्रवारपर्यंत पोटात ठेवायचं होतं.

पण बुधवारपासून आमच्याकडे मावशीच्या वर्षश्राद्धाची जपमाळ बसणार होती. नऊ दिवस अख्खं गाव प्रार्थनेला आणि जेवायला, त्यामुळे अंगण लख्ख हवं. मंगळवारी बाबांनी खालच्या बाजूचं गवत कापताना तारेची जाळी काढून बाजूला ठेवली, रोपाला वळसा घालून यंत्र फिरवलं—हो, त्यांनी वळसा घातला, हे सांगायला हवं—आणि मला म्हणाले, बांधाजवळची सुबाभूळ तू कोयत्यानं काढ. मी झाडाला पाणी घालत होते ना, त्या पाण्यावर आजूबाजूला छातीभर सुबाभूळ माजली होती.

मी कोयता चालवू लागले आणि मनात संवाद पाठ करू लागले. तो येईल. मी म्हणेन, त्या दिवशी विचारलं होतंस ना... नको, थेट म्हणावं. एक घाव. शनिवारची. दुसरा घाव. नको, जरा थांबून म्हणावं, शनिवारची... आणि मग त्याच्याकडे बघावं. तिसरा घाव. तो हसेल. खळी पडेल, त्या गालावर. चौथा.

चौथ्या घावाला कोयता जरा अडखळला. लाकूड वेगळं होतं.

मी खाली बघितलं. माझ्या पायाशी हायुन लागु आडवं पडलं होतं. चार महिन्यांत माझ्या छातीइतकं झालेलं. जमिनीत वीतभर बुंधा उरला होता, पांढराशुभ्र.

मी ओरडले नाही, रडलेसुद्धा नाही. मी काय केलं ते सांगायची आजही लाज वाटते. मी इकडेतिकडे बघितलं. बाबा पुढच्या दारी होते, आई आत. मी कापलेलं रोप गवताच्या ढिगाखाली खुपसलं. बांधापलीकडची एक सरळ, छातीइतकी सुबाभूळ मुळासकट उपटली आणि बुंध्याला खेटून लावली. वर तारेची जाळी ठेवली. माती दाबली. चार पावलं मागे येऊन बघितलं. पिसासारखी पानं. लांबून कुणाला कळलं असतं?

शुक्रवारी गोयो आला. मी स्वयंपाकघरात केलागुएनच्या कोंबडीत घालायला नारळ किसत बसले, हात मोकळा नाही म्हणून. खिडकीतून बघत होते. तो जाळीपाशी गेला. खाली वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. माझ्या हातातला नारळ संपला आणि मी किसणीवर बोट घासून घेतलं. मग तो उठला, वहीत काहीतरी लिहिलं आणि खिडकीशी आला.

"छान वाढतेय," तो म्हणाला. "दोन बोटं."

माझा जीव भांड्यात पडला आणि दुसऱ्याच क्षणी मला स्वतःची किळस आली.

"त्या दिवशी विचारलं होतं," तो म्हणाला. "उत्तर राहिलं तुझं."

"कशाची नाही," मी म्हटलं. "कशाचीच भीती वाटत नाही मला." आणि दुसरा नारळ घेतला.

असे तीन शुक्रवार गेले. तो मोजायचा, मोठ्यानं आकडा वाचायचा. "काय घालतेस काय हिला, फिना? अशी वाढ रोपवाटिकेत नाही बघितली." मी हसायची आणि आत निघून जायची. सुबाभूळच ती, वाढणारच. मी पाणीसुद्धा लांबूनच फेकायची, जवळ जाऊन बघायचं धाडस नव्हतं. डिसेंबरात बाई येतील, एका नजरेत ओळखतील. दोनच जिवंत, असं लिहितील. आणि गोयो विमानात बसेल तो मला खोटारडी समजत. जाणार, हे एक. तसं समजून जाणार, हे मला सहन होईना. रोज ठरवायची की सांगायचं. शुक्रवारी चार वाजले की किसणी घेऊन बसायची.

मग नोव्हेंबरातलं वादळ आलं.

गुरुवारी दोन नंबरचा इशारा. बाबांनी खिडक्यांवर पत्रे ठोकले, आईनं पाण्याची पिंपं भरून घेतली. शुक्रवारी सकाळी नऊला एक नंबर, म्हणजे घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. दहा वाजता वारा असा झाला की समोरची नारळाची झाडं एका अंगावर निजली. आणि त्या पावसात पिकअपचे दिवे दिसले.

"कोण मरायला आलंय?" बाबा ओसरीतून ओरडले.

गोयो उतरला. हातात दोरखंड, खांद्यावर चार खुंट्या. आमच्याकडे बघितलं नाही, सरळ खालच्या बांधाकडे गेला. वाऱ्यानं दोनदा खाली पाडलं त्याला. दोन्ही वेळा उठला.

आणि मला कळलं की हा माणूस जीव धोक्यात घालून एका सुबाभळीला बांधायला चाललाय. माझ्यामुळे.

मी धावले. आई मागून हाका मारत होती, बाबाही. पाऊस तोंडावर खड्यांसारखा लागत होता. मी त्याचा हात धरला आणि ओरडून म्हणाले, "बांधू नकोस! ती ती नाही. सुबाभूळ आहे ती. मी कापलं तुझं झाड. मी."

"माहितेय," तो म्हणाला.

"काय?"

"माहितेय मला!"

"कधीपासून?"

"पहिल्या शुक्रवारपासून. फिना, मी बारा वर्षं झाडं लावतोय. मला सुबाभूळ ओळखता येत नाही?"

"मग तीन आठवडे तू... तिची उंची मोजत होतास?"

"हो."

"का?"

तो गुडघ्यावर बसला, सुबाभळीच्या बुडाशी रचलेली नारळाची सोडणं बाजूला केली. ती मी रचली नव्हती. खाली माझ्या कोयत्याचा तिरका घाव होता, काळा पडलेला. आणि घावाच्या बाजूनं एक कोंब फुटला होता. हिरवा, बोटभर, वर चार इवलीशी पिसं.

"मुळं जिवंत होती," तो म्हणाला. "पहिल्या दिवशीच बघितलं. वहीत खरं तेच लिहिलंय—कापलं गेलं, बुंधा जिवंत, लक्ष ठेवून आहे. बाईंना सगळं ठाऊक आहे. खोटं मी फक्त तुझ्याशी बोललो."

"का पण?"

"तू सांगशील म्हणून. वाट बघत होतो. आणि सांगितलं नसतंस तरी..." वाऱ्यानं त्याचं वाक्य नेलं. तो माझ्या कानाशी आला. "तरी शुक्रवारी यायला काहीतरी मोजायला हवं होतं ना."

एवढ्यात बाबांनी येऊन आम्हा दोघांच्या मानगुटी धरल्या. म्हातारा चौसष्ट वर्षांचा, पण आम्हाला असं ओढत नेलं की पाय जमिनीला लागले नाहीत. खुंट्या तिथेच राहिल्या. कोंबही तसाच, उघडा.

आत दार लागलं, अडसर पडला. दिवे केव्हाच गेले होते. आईनं कंदील लावला, टॉवेल दिले. मी निथळत होते आणि तशीच, सगळ्यांसमोर, सगळं सांगितलं. कोयता, ढीग, सुबाभूळ, तीन शुक्रवार. गोयोला जावं लागेल तेही. बाबा ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "सुटलो. झाडच नको अंगणात. झाडानं तुझ्या आईचं काय केलं ते विसरलीस."

"झाडानं काही केलं नाही," आई म्हणाली.

ती कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही. बाहेर पत्रा कुठेतरी फडफडत होता, तरी प्रत्येक शब्द ऐकू आला.

"नीरफणस आपणहून पडला नव्हता, बेस्ते. गाडी ठेवायला सिमेंट ओतायचं म्हणून त्याच्या घराकडच्या बाजूची सगळी मुळं तू तोडलीस. दोन दिवस कुऱ्हाड चालली होती. मी खिडकीतून बघत होते. एकोणीस वर्षं मी वाट बघतेय तू सांगशील म्हणून. पोरीनं तीन आठवड्यांत सांगितलं."

बाबांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. त्यांनी खुर्ची शोधली, पण बसले नाहीत. कंदिलाकडे बघत उभे राहिले. गोयो खाली मान घालून टॉवेलाची घडी घालत होता, परत परत, तीच घडी. मला वाटलं आता हे घर काही पूर्वीसारखं राहत नाही.

दुपारी दीडच्या सुमारास एकदम शांत झालं. वादळाचा डोळा आमच्यावर आला होता. दाराच्या फटीतून उजेड आला, चक्क ऊन. हे ऊन किती वेळ टिकेल कुणी सांगू शकत नाही. पंधरा मिनिटं, कधी तीस. मग वारा उलट्या बाजूनं येतो, आणि येतो तो एकदम.

बाबांनी अडसर काढला.

"बेस्ते," आई म्हणाली.

ते बाहेर गेले. मागच्या दारी मेजवानीचं मटण भाजायचं अर्धं कापलेलं लोखंडी पिंप होतं, ते उचलायला लागले. एकट्यानं उचलण्यासारखं नव्हतंच ते. गोयो उठला आणि माझ्याकडे न बघता त्यांच्या मागे गेला. दारात मी आणि आई. आईनं माझं मनगट धरलं होतं, नखं रुतेपर्यंत.

दोघं पिंप घेऊन खाली गेले. अर्ध्या वाटेत बाबा घसरले, उठले. सुबाभूळ मधोमध मोडून लोंबत होती, जाळी केव्हाच उडाली होती. बाबांनी कंबरेच्या कोयत्यानं सुबाभूळ बुडाशी छाटली. मग थांबले. गोयो दक्षिणेकडे बोट दाखवत होता, तिकडे आभाळ भिंतीसारखं काळं होतं. तरी बाबा थांबले, गुडघे टेकले, आणि आम्हाला इतक्या लांबून त्यांचा आवाज ऐकू आला.

"आजोबा, आजी," ते म्हणत होते, "मी मुळं तोडली होती. माफ करा. हे एवढं राहू द्या."

आईनं माझं मनगट सोडलं.

त्यांनी पिंप कोंबावर पालथं घातलं. वर सिमेंटचे ठोकळे ठेवले, तीन, चार, पाच. सहावा आणायला बाबा वळले तेव्हा गोयोनं त्यांना कंबरेत धरलं आणि ओढलं. दोघं धावत आले. दार लागलं, अडसर पडला, आणि त्याच क्षणी घराच्या दुसऱ्या अंगाला काहीतरी प्रचंड येऊन आदळलं. वाऱ्याचा दुसरा हात होता तो. मग संध्याकाळपर्यंत आई जपमाळ ओढत होती. गोयो माझ्या शेजारी जमिनीवर बसला होता, भिंतीला टेकून. अंधार होता, म्हणून मी म्हटलं.

"त्या दिवशी विचारलं होतंस."

"हं."

"शनिवारची. शनिवारची भीती वाटते मला. कारण तू शुक्रवारी जातोस."

त्याला वाऱ्यात ऐकूच आलं नाही की काय, असं वाटून मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याचा हात माझ्या हातावर आला. गार होता. राहिला तिथेच.

सकाळी दार उघडलं तर टेकड्या तपकिरी झालेल्या. झाडांना एक पान नाही. पाच हजार सुबाभळी नुसत्या काटक्या. आमच्या खिडकीवरचा एक पत्रा शेजारच्या चर्चच्या पायरीवर. आम्ही चौघं खाली गेलो, आई गोयोच्या दंडाला धरून. दोन ठोकळे उडाले होते. पिंप जागेवर होतं.

बाबांनी आणि गोयोनं ते उचललं.

कोंब उभा होता. पण पानं मिटलेली, एकाला एक चिकटून, पार मेल्यासारखी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गोयोनं हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "काल दुपारपासून अंधारात होतं ते," तो म्हणाला. "जरा दम धरा."

आम्ही उभे राहिलो. ऊन येत होतं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग एका पिसाचं एक पान हललं. मग शेजारचं. हळूहळू, दोन्ही बाजूंनी, चारही पिसं उघडली.

गोयोनं मोजपट्टी काढली आणि माझ्याकडे दिली. "तू मोज. माझ्या हातांचा आज भरवसा नाही."

मी मोजलं. आकडा सांगितला. या वेळी त्यानं लिहिला.

"तीन झाली?" बाबांनी विचारलं. त्यांची नजर टेकडीकडे होती.

"दुसरी दोन शाबूत असतील तर तीन."

"असतील." बाबा खाकरले. आणि मग, अजूनही टेकडीकडेच बघत, त्यांनी उजवा हात पुढे केला. मातीनं भरलेला, गंजानं लाल झालेला, पिंपाच्या कडेनं कापलेला. गोयोला आधी कळलंच नाही. आईनं त्याला कोपरानं ढोसलं. तो वाकला, दोन्ही हातांनी तो हात धरला आणि नाकाशी नेला. बराच वेळ धरून ठेवला.

"विमानं कधी सुरू होतील?" बाबा म्हणाले.

गोयोचा चेहरा उतरला. "चार-पाच दिवसांत. का... मी जावं?"

"तू कशाला? तुझ्या आईबापांना बोलाव. पोरीला मागायला वडीलधारे येतात, नुसती मोजपट्टी नाही." त्यांनी कोंबाकडे बघितलं. "त्यांना सांग, सावली व्हायला वीस वर्षं आहेत. तोवर टोप्या घेऊन यावं."

आई हसायला लागली. कंबर धरून हसत होती. मी गोयोकडे बघितलं. एका गालाला खळी होती, कान लाल होते. शनिवार होता, आणि तो अजून आमच्याच अंगणात होता.